पुण्यातील बारकॅम्पला पहिल्यांदाच जात आहे. अर्धवट काम घेऊन सत्र मांडावे का?

कानामात्रा यांचा प्रश्न

नमस्कार.

मी सदाशिव पेठेतील एका छापखान्यात गेली सतरा वर्षे अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते. संगणकाचे रीतसर शिक्षण झालेले नाही; पायथन ही भाषा गेल्या तीन वर्षांत, काम आटोपल्यावर रात्री घरी बसून शिकले. पुढच्या महिन्यात शिवाजीनगर भागातील एका महाविद्यालयात एक दिवसाचा बारकॅम्प, म्हणजे विषय आणि वेळापत्रक उपस्थितांनीच ठरवायची खुली परिषद, भरणार आहे आणि मी त्यासाठी नाव नोंदवले आहे. मात्र निमंत्रणात वक्त्यांची यादी नाही, विषयांची यादी नाही, आणि वेळापत्रकाच्या जागी 'सकाळी सर्वांनी मिळून ठरवायचे' एवढेच लिहिले आहे. शिवाय जो पहिल्यांदा येईल त्याने सत्र घेतलेच पाहिजे, असा एक नियम असल्याचे वाचनात आले, आणि तेव्हापासून जावे की नाही याच विचारात आहे.

माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे ते असे. युनिकोड, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याची आजची सामायिक पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टांमध्ये जुळवलेल्या पुस्तकांच्या बऱ्याच फायली आमच्याकडे पडून आहेत. नवी आवृत्ती काढायची म्हटली की सगळा मजकूर पुन्हा टंकित करावा लागतो, आणि पुन्हा टंकन म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मुद्रितशोधन. हे टळावे म्हणून मी रूपांतराचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. साधे शब्द नीट येतात, पण दोन ठिकाणी मी महिनोन् महिने अडकले आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. 'किती' या शब्दात वेलांटी एका अक्षरावरून उचलून पलीकडे ठेवली की काम होते. पण 'स्थिती' आला की माझा प्रोग्रॅम ती अर्ध्या 'स'च्या पुढे ठेवून मोकळा होतो आणि शब्द फुटतो. रफाराचे नेमके उलटे आहे. 'मार्गी' या शब्दात तो जुन्या फायलीत 'गी'नंतर, अगदी शेवटी असतो, आणि त्याला दीर्घ वेलांटी व 'ग' दोन्ही ओलांडून मागे न्यावे लागते.

तेव्हा विचारायचे ते हे, की न सुटलेले काम अशा ठिकाणी मांडावे काय, की तेथे पूर्ण झालेल्या कामाचीच अपेक्षा असते? मला इंग्रजी वाचता येते, परंतु चाळीस मिनिटे बोलता येणार नाही. मराठीतून बोललेले चालेल काय? आणि एकाच वेळी चार खोल्यांत चार सत्रे असतील, तर कोठे बसावे हे कसे ठरवायचे?

वेताळटेकडी यांचे उत्तर

अशा परिषदांमध्ये मी गेली अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी तो नियम. बारकॅम्पच्या मूळ नियमांत 'पहिल्यांदा येणाऱ्याने सत्र घेतलेच पाहिजे' असे वाक्य खरोखरच आहे, पण त्याला लागूनच कंसात खुलासाही आहे: प्रत्यक्ष सक्ती नाही, मात्र दुसऱ्या कोणाबरोबर मिळून सत्र घेण्याचा प्रयत्न करावा, निदान प्रश्न विचारावेत आणि चर्चेत भाग घ्यावा. लोक पहिले वाक्य तेवढे एकमेकांना सांगतात आणि कंस गाळतात, त्यामुळे तुमच्यासारखी कितीतरी माणसे दारातूनच परत जातात, याचे मला फार वाईट वाटते.

ही पद्धत कोठून आली हे कळले, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळेल. हॅरिसन ओवेन या अमेरिकी गृहस्थांनी १९८० च्या दशकात एक मोठी परिषद वर्षभर राबून भरवली आणि शेवटी त्यांच्या ध्यानात आले की, लोकांना खरा लाभ झाला तो चहाच्या सुट्टीतील गप्पांमधून. तेव्हा सगळी परिषदच चहाच्या सुट्टीसारखी का असू नये, या विचारातून १९८५ साली त्यांनी 'ओपन स्पेस' ही पद्धत सुरू केली. पुढे २००३ पासून टिम ओरायली यांच्या प्रकाशन संस्थेने 'फू कॅम्प' नावाचा मेळावा भरवण्यास सुरुवात केली. वेळापत्रक तेथेही उपस्थितांनीच ठरवायचे, परंतु प्रवेश केवळ निमंत्रितांना. त्याला उत्तर म्हणून काही मंडळींनी ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे, आठवड्याभराच्याही आत जुळवाजुळव करून, सर्वांना खुला असा पहिला बारकॅम्प भरवला. प्रोग्रॅम लिहिणारे लोक उदाहरणादाखल 'फू' आणि 'बार' ही नावे जोडीने वापरतात. 'फू'च्या पुढचा म्हणून 'बार', एवढाच त्या नावाचा अर्थ. २००६ मध्ये दिल्ली, चेन्नई, बंगळूर असे करत हे लोण आपल्याकडे आले. म्हणजे ज्याच्याकडे निमंत्रण नाही, पदवी नाही, नाव नाही, पण हातात काम आहे, त्याच्यासाठीच ही पद्धत जन्माला आली. तुम्ही तेथे पाहुण्या म्हणून जाणार नाही, हे कृपया मनाशी ठरवून जा.

आता सकाळ कशी असते ते सांगतो. भिंतीवर मोठा कागद किंवा फळा असतो. आडव्या ओळींत वेळा, उभ्या रकान्यांत खोल्या, आणि सगळे चौकोन रिकामे. प्रत्येकाची थोडक्यात ओळख झाली की ज्याला बोलायचे आहे तो कार्डावर विषय व नाव लिहितो, सर्वांसमोर एक-दोन वाक्यांत सांगतो आणि कार्ड एका चौकोनात चिकटवतो. अर्ध्या तासात फळा भरतो. दोन विषय जवळचे निघाले, तर ती माणसे तेथल्या तेथे बोलून एकच सत्र करतात. हा अर्धा तास मला सगळ्या दिवसात मोलाचा वाटतो, म्हणून उशिरा जाऊ नका. कोथरूडकडून येणार असाल, तर वनाजहून सुटणारी मेट्रो धरून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी; पुढचेच स्थानक शिवाजीनगर.

चौकोन निवडताना जेवणाच्या आधीचा निवडा. पहिल्या सत्राला लोक अजून येत असतात आणि जेवणानंतरच्या सत्राला डोळ्यांवर झापड असते. जेवणाआधीच्या सत्रात सुरू झालेले बोलणे ताटावरही चालू राहते, आणि अडलेल्या प्रश्नाची उकल पुष्कळदा तेथेच होते, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

कोठे बसावे याला 'दोन पायांचा नियम' आहे. जेथे तुम्ही शिकतही नाही आणि शिकवतही नाही, तेथून उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्यात बोलणाऱ्याचा अपमान मानत नाहीत. आपल्याला हे जड जाते, कारण व्याख्यान चालू असताना उठणे ही आपल्याकडे उद्धटपणाची खूण समजली जाते. वसंत व्याख्यानमाला ऐकत वाढलेल्या या गावात तर विशेषच. म्हणून तुम्ही बोलत असताना कोणी उठले, तर मनाला लावून घेऊ नका, एवढे आताच सांगून ठेवतो.

मुठाकाठ यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतेक सहमत आहे, पण चित्राची दुसरी बाजूही कोणीतरी सांगायला हवी.

फळा सर्वांना खुला असतो, म्हणजे ज्याला काही विकायचे आहे त्यालाही खुला असतो. मी गेलो होतो त्या एका परिषदेत 'विदा (डेटा) कशी साठवावी' या नावाच्या सत्रात पहिली दहा मिनिटे सोडता उरलेला सगळा वेळ एका कंपनीच्या सेवेचे दर सांगण्यात गेला, आणि दुसऱ्या एका सत्राचे रूपांतर नोकरभरतीत झाले. शिवाय मोठ्या आवाजाची, एकमेकांना ओळखणारी पाच-सहा माणसे प्रत्येक चर्चा आपल्याकडे ओढून नेतात. ज्याला बोलण्याची सवय आहे त्याला मोकळ्या फळ्याचा लाभ अधिक होतो. दोन पायांच्या नियमाने हा दोष जात नाही. ऐकणारा उठून जाऊ शकतो. ज्याला बोलायची संधीच मिळाली नाही, त्याने उठून कोठे जायचे? यावर संयोजकांनी खरोखर विचार करायला हवा. निदान पहिल्यांदा आलेल्यांची कार्डे आधी चिकटवून घ्यावीत.

कानामात्रा ताई, तुमच्यापुरता उपाय असा, की कार्डावर 'युनिकोड रूपांतर' असे भारदस्त शीर्षक लिहू नका. त्याने ज्यांना आधीच सगळे ठाऊक आहे असे लोक येतील आणि तेच बोलत राहतील. जे अडले आहे तेच लिहा: 'जोडाक्षरावरून वेलांटी कशी उचलावी? मदत हवी आहे.' प्रश्न तुमचा असला की चर्चेची दोरीही तुमच्या हातात राहते, आणि कोणी भरकटले तर 'आपण वेलांटीकडे येऊ या' असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आपोआप मिळतो.

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे. पुण्यातील बहुतेक सत्रे इंग्रजीत होतात, कारण खोलीत तमिळ, मल्याळी, बंगाली सगळेच असतात, आणि त्यांना वगळणे मला मान्य नाही. पण तुमचा विषयच मराठी अक्षरांचा आहे. तो मराठीतून मांडला जाऊ नये, असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. कार्डावर 'मराठीतून' असे स्वच्छ लिहा आणि मराठी न येणारा कोणी आलाच, तर शेजारच्याला मधून मधून सांगण्याची विनंती करा. बंगालीतही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीच दिसते, हे लक्षात असू द्या. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या बंगाली माणसाकडे असण्याचा पुरेपूर संभव आहे.

रात्रपाळी यांचे उत्तर

फक्त तयारीपुरते लिहितो. सरकचित्रे (स्लाइड्स) करू नका. एक पान न्या: जुन्या फायलीतला मजकूर, छापील पुस्तकातले तेच पान आणि तुमच्या प्रोग्रॅमने काढलेला मजकूर, तिन्ही शेजारी शेजारी. छापील पान कागदावरच असू द्या, हातोहात फिरवता येते. ज्यांनी जुन्या फॉन्टची फाइल कधी उघडलेली नाही, अशा तरुण मुलांना 'ण' हे अक्षर अर्धा 'ण' आणि काना अशा दोन तुकड्यांनी जुळवलेले असते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

पान निवडताना मात्र जपा. छापखान्यातील फायली लेखकांच्या व प्रकाशकांच्या असतात. मालकांची परवानगी असली, तरी प्रताधिकार त्यांच्याकडे नसतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार टिकतो, तेव्हा त्याहून जुन्या लेखकाचे पान घ्या, म्हणजे फाइल कोणी मागितली तरी निःशंक मनाने देता येईल. फाइल पेन ड्राइव्हवर आणि फॉन्ट सोबत, दोन्ही असू द्या. जुना फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसतोच, आणि मग पडद्यावर नुसती रोमन चिन्हे दिसतात.

आणखी एक शंका. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द तुमचा प्रोग्रॅम वेगवेगळे ठेवतो का? पहिला गुरूंना, दुसरा स्वयंपाक्याला. जाण्यापूर्वी हे तपासून पाहा.

कानामात्रा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तपासले. दोन्ही शब्द पडद्यावर वेगवेगळे आणि अगदी बरोबर दिसतात. मात्र एक विचित्र गोष्ट आढळली: रूपांतरित फायलीत 'दऱ्या' हा शब्द मला डोळ्यांनी दिसतो आहे, पण तोच शब्द टंकून शोधला, तर संगणक 'आढळला नाही' असे सांगतो. आता हाही प्रश्न पिशवीत घालून नेते.

रात्रपाळी यांचे उत्तर

याचे उत्तर मला ठाऊक आहे असे वाटते, पण येथे लिहीत नाही. तो प्रश्न सत्रातच मांडा. पाच माणसे एकाच वेळी आपापल्या संगणकावर 'दऱ्या' शोधू लागली की खोलीत जे घडते, ते तुम्हाला बघायला मिळावे अशी इच्छा आहे.

कानामात्रा यांचे उत्तर

बारकॅम्प काल झाला. आठवण ताजी आहे तोवर लिहिते.

फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा हातातले कार्ड थरथरत होते, हे खरे. जेवणाआधीचा चौकोन एका गृहस्थांनी नुकताच घेतला होता. माझे कार्ड वाचून त्यांनी स्वतःहून आपले कार्ड काढले आणि दुपारच्या चौकोनात लावले. सत्राला अकरा जण आले. पाच मिनिटांत दोघे उठून गेले. वेताळटेकडी यांनी आधीच सांगून ठेवले नसते, तर मी तेथेच थांबले असते.

छापील पान फिरवले आणि मी अक्षरे जुळवताना डोळ्यांनी काय पाहते ते सांगायला लागले. आमच्या कामात वेलांटी कोणत्या अक्षराची हे कधी मोजावे लागत नाही, ती संपूर्ण जोडाक्षराची असते हे हाताला ठाऊक असते. हे बोलल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग तुमच्या प्रोग्रॅमला जोडाक्षर म्हणजे काय ते ठाऊक आहे का?" ते मुळीच ठाऊक नव्हते. माझा प्रोग्रॅम फाइल डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो आणि चिन्ह दिसले की लगेच हलवतो. पुढचा अर्धा 'स' हा 'थ'ला जोडलेला आहे, हे त्या क्षणी त्याला कळण्याचा मार्गच नाही. तिने फळ्यावर दोन फेऱ्या काढून दाखवल्या. पहिल्या फेरीत काहीही न हलवता फक्त तुकड्यांची अक्षरे करायची, म्हणजे अर्धा 'स' असेल तेथे 'स' आणि हलन्त, म्हणजे पाय मोडल्याचे चिन्ह. दुसऱ्या फेरीत 'व्यंजन, हलन्त, व्यंजन' असा पूर्ण गट ओळखायचा आणि मगच वेलांटी त्या गटाच्या पलीकडे न्यायची. रफारासाठी हाच गट उलट दिशेने, मात्रा-वेलांट्यांसह ओलांडायचा. सतरा वर्षे जे मी हाताने करते, ते प्रोग्रॅमला सांगायचे राहून गेले होते.

'दऱ्या'ची गोष्ट जेवताना उलगडली. दिसायला एकच असणारा हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर 'ऱ'ची वेगळी कळ आहे, त्यामुळे मी टंकते तो पहिला प्रकार. माझ्या प्रोग्रॅममधील, जुन्या चिन्हाला युनिकोडचे अक्षर लावणाऱ्या तक्त्यातून येत होता तो दुसरा. दोन्ही पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणाऱ्या युनिकोडच्या ठरीव प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठांनी 'ॲ'चेही तसेच असल्याचे सांगितले. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत, आणि तो मजकूर आजही तसाच पडून आहे. म्हणजे 'ॲसिड' शोधणाऱ्याला जुन्या लेखातले 'अॅसिड' सापडतेच असे नाही. मराठी मजकूर इतका कष्टाने संगणकावर आणायचा आणि तो शोधणाऱ्याला सापडू नये, हे मला फार लागले. ते गृहस्थ मुक्त परवान्याच्या फॉन्टांवर काम केलेले होते. त्यांच्याकडूनच समजले की 'लोहित' या फॉन्टसंचाचे बरेचसे काम आपल्या पुण्यातच झाले आहे.

मुठाकाठ यांनी सांगितलेली विक्रीची सत्रेही होती. एकातून मी उठून आले. पहिल्यांदा पाय उचलत नव्हता, पण उठले.

रात्री घरी येऊन दुसरी फेरी लिहिली. 'स्थिती' बरोबर येतो, 'अस्तित्व' बरोबर येतो; 'मार्गी' अजून नाही, कारण रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की त्यांचा क्रम जुन्या फायलीत दोन्ही तऱ्हांनी सापडतो आहे आणि तो सांभाळताना बाकीचे रफार बिघडत आहेत. ती मुलगी आणि आणखी दोघे येत्या रविवारी छापखान्यात येणार आहेत. मालकांना विचारले आहे. सकाळी दहाला यंत्रे बंद असतात, तेव्हा या म्हणाले. कोणाकडे रफार-अनुस्वाराच्या जोड्या असलेली जुन्या फॉन्टमधील फाइल असेल, तर अवश्य घेऊन यावे.